संमतीचा घटस्फोट: अर्जाच्या आधी अटी लिहा

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या करायच्या, नोटरीचा शिक्का घ्यायचा, झाली सोडचिठ्ठी! हा सल्ला देणारे एक काका प्रत्येक घरात असतात. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न अशा कागदाने मोडत नाही. जातीच्या रूढीप्रमाणे झालेला काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. असा कागद हातात घेऊन दुसरं लग्न करून बसलेली माणसं आमच्या ऑफिसात येतात. त्यांना आधी पाणी देते, मग खरं काय ते सांगते.

पुण्यात एका वकीलबाईंकडे मी बावीस वर्षं अर्ज बांधतेय. इथे फक्त संमतीच्या घटस्फोटाचं लिहिते: हिंदू विवाह कायदा 1955, कलम 13ब. भांडून घ्यायच्या घटस्फोटाची फाइल वेगळी.

आधी कागदपत्रं जमवा: लग्नाचा दाखला, लग्नपत्रिका, लग्नातला एक फोटो, दोघांचे आधार-पॅन, राहत्या पत्त्यांचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले. दाखला नसेल तर पत्रिका, फोटो आणि शपथपत्रावर निभावतं, पण नोंदणी करता येत असेल तर करून घ्या.

नावांकडे मात्र नीट बघा. आपल्याकडे तांदळात अंगठीने नाव लिहून मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत. मग शाळेच्या दाखल्यावर एक, पॅनवर दुसरं, आधारवर तिसरं. अर्जाच्या शीर्षकातच ‘ऊर्फ’ लावून सगळी नावं घाला. पुढे पासपोर्टच्या खिडकीवर हुकूमनाम्यातलंच, म्हणजे घटस्फोट देणाऱ्या कोर्टाच्या आदेशातलंच, नाव वाचलं जातं.

कोर्ट: लग्न झालं तिथलं, शेवटचे एकत्र राहिलात तिथलं किंवा बायको आता राहते तिथलं.

वेगळं राहायला लागल्याची तारीख दोघांनी एकच सांगायची. ‘दिवाळीच्या सुमारास’ चालत नाही. त्या तारखेपासून अर्जाच्या दिवसापर्यंत वर्ष पुरं झालेलं हवं.

आता संमतीच्या अटी, म्हणजे सगळे म्हणतात त्या कन्सेंट टर्म्स. बहुतेक जण अर्ज आधी टाइप करतात आणि अटी शेवटच्या संध्याकाळी, कुठल्या तरी जुन्या फाइलमधून उचलून. उलटं करा. अर्ज दोन तासांत होतो. अटींना दोन महिने लागले तरी लागू द्या.

सुरुवातीच्या काळात मी एका अटीत लिहिलं होतं, ‘सर्व स्त्रीधन परत केले जाईल.’ वाक्य छान वाटलं होतं. दुसऱ्या तारखेला बायको लग्नाचा अल्बम घेऊन आली, फोटोतल्या हातातल्या तोड्यांवर बोट ठेवून. नवरा म्हणाला, हे तोडे माझ्या आईचे, लग्नापुरते घातले होते. संमतीचा अर्ज तोड्यांवर आठ महिने अडला. तेव्हापासून मी वस्तूनिहाय यादी करते: ठुशी, पाटल्या, तोडे, मंगळसूत्र, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये, सध्या कोणाकडे आहे आणि कोणत्या दिवशी हातात येणार. दिल्याची पोच लिहून, दोघांच्या सह्यांची. ‘घरातलं सामान’ हा शब्दही नको. फ्रिज म्हणजे फ्रिज.

पैशाचं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच तसं सांगितलंय. म्हणून सगळी रक्कम पहिल्या दिवशी देऊ नका आणि सगळी शेवटावरही ठेवू नका. एक हप्ता अर्ज दाखल करताना, उरलेला दुसऱ्या जबाबाच्या दिवशी (अर्जानंतर काही महिन्यांनी दोघं कोर्टात संमती पुन्हा सांगतात तेव्हा), डीडीने, कोर्टासमोर. एकमेकांवर पोलिसात तक्रार असेल तर ती कोण, कधी आणि कशी मिटवणार हेही याच कागदात. गुन्हा रद्द करायला बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं, तिथे तक्रार करणाऱ्याचं शपथपत्र लागतं. शेवटचा हप्ता त्याच्याशी बांधला तर कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

फ्लॅटवर सर्वात जास्त माणसं फसतात. ‘कर्ज यापुढे तो फेडेल’ असं अटींत लिहिलं म्हणून बँक तुम्हाला सोडत नाही. बँक तुमच्या घटस्फोटात पक्षकार नाही. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव असेपर्यंत थकलेल्या हप्त्याचा फोन तुम्हालाच येणार. आधी बँकेचं पत्र आणा, मग अट लिहा. आणि राहतं घर एकाने दुसऱ्याच्या नावे बक्षीसपत्राने करायचं ठरलं असेल तर ते हुकूमनाम्याच्या आधी नोंदवा. पती-पत्नीत अशा बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (अधिभार वेगळा). हुकूमनामा झाला की तुम्ही पती-पत्नी नाही, मग ही सवलतही नाही. मी ते दुसऱ्या जबाबाच्या आठवड्यातच करायला लावते. फार आधी केलं आणि समोरच्याने संमती काढून घेतली तर घर गेलेलं असतं.

मुलांचं ‘सोयीप्रमाणे भेट’ असं लिहाल तर पहिल्याच मे महिन्यात भांडाल. पहिला आणि तिसरा शनिवार, किती वाजता, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं. गणपती कोणाकडे, दिवाळीची सुट्टी कशी अर्धी. पासपोर्टवर सही कोण देणार. फी दरवर्षी वाढते, तेव्हा मुलांच्या खर्चातही वाढ लिहा. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाचा हक्क सुटत नाही.

अटींच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या.

अर्ज दाखल केल्यावर दुसरा जबाब सहा महिन्यांनंतर, अठरा महिन्यांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून हे सहा महिने माफ होऊ शकतात. पण त्यासाठी आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं ठरलेलं हवं. म्हणजे पुन्हा अटी! माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर आठवड्याने देता येतो. ‘दोघांना घाई आहे’ एवढंच लिहून देणाऱ्यांना तारीख मिळते.

कोर्टातल्या समुपदेशकासमोर दोघांना वेगवेगळं बसवतात. अटी तोंडपाठ नकोत, पण वाचलेल्या हव्यात. स्वतःच्याच सहीचा कागद पहिल्यांदा तिथे वाचणारी माणसं मी पाहिलीयत.

हुकूमनामा झाला त्याच दिवशी नकलांसाठी अर्ज द्या आणि निदान चार सही-शिक्क्याच्या नकला काढा. बँक, पासपोर्ट, पीएफचं वारसनाम, सोसायटी. प्रत्येक ठिकाणी मूळ नक्कल बघायला मागतात, आणि एखादी कुठल्या तरी टेबलावर राहून जातेच.