हाताने टॅप मारताना या चुका टाळा

टॅप (भोकात आतून आटे कापायचं हत्यार) तुटला की पहिल्या शिव्या टॅपला, दुसऱ्या तो मारणाऱ्याला. गोंधळ बहुतेक वेळा त्याआधीच, भोक पाडताना झालेला असतो. म्हणून सुरुवात भोकापासून करू.

हिशेब सोपा आहे: बोल्टच्या मापातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा करा, उरेल त्याच्या जवळचं ड्रिल, सगळं मिलीमीटरमध्ये. एम 6 चा (6 मिमीचा मेट्रिक बोल्ट) पिच 1, म्हणजे ड्रिल 5. एम 8 चा पिच 1.25, ड्रिल 6.8. एम 10 ला 8.5 आणि एम 12 ला 10.2. अडचण एम 8 ला येते. घरच्या ड्रिल सेटमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरची मापं असतात आणि 6.8 नसतं. मग "आटे घट्ट बसतील" म्हणून लोक 6.5 उचलतात. हे करू नका. 6.5 च्या भोकात टॅपला जवळपास पूर्ण उंचीचा आटा कापावा लागतो. त्यासाठी जोर खूपच जास्त लागतो आणि बदल्यात मजबुती मिळते ती किरकोळ. 6.8 नसेलच तर 7 घ्या. आटा थोडा उथळ होईल, पण जाडी बोल्टच्या दीडपट असेल तर साध्या कामाला पुरतो. मात्र ड्रिलला नीट धार हवी. टोकाच्या दोन्ही धारा सारख्या नसतील तर 7 चं ड्रिल त्याहून मोठं भोक पाडतं, आणि मग आटे खरोखरच कच्चे राहतात.

दुसरी गफलत जुन्या मशीनवर होते. तिथे मापं अजून सुतात (एक सूत म्हणजे 1/8 इंच) चालतात. अडीच सुती म्हणजे 5/16 इंच, 7.94 मिमी, डोळ्याला एम 8 च. पण व्हिटवर्थमध्ये (आट्यांची जुनी, इंचातली ब्रिटिश पद्धत) त्याला इंचाला 18 आटे, म्हणजे पिच साधारण 1.41, आणि आट्याचा कोन 60 नव्हे, 55 अंश. एम 8 चा बोल्ट एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. मग कुणीतरी "जरा साफ करू" म्हणून त्यातच एम 8 चा टॅप घालतं आणि उरलेसुरले आटेही जातात. शंका आली की आधी पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावून बघा.

टॅप तिरका जाणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. पहिले दोन फेरे झाले की थांबा, हँडल काढा आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा. एकदा समोरून, एकदा काटकोनात फिरून बाजूने. एकाच बाजूने बघितलेला टॅप सरळ दिसतोच. तिरका असेल तर परत काढून नव्याने सुरुवात करा. चार-पाच फेऱ्यांनंतर त्याला ढकलून सरळ करायला जाल तर तो तुटेल. भोकच तिरकं असेल तर मात्र टॅप त्याच वाटेने जाणार, तिथे गुण्या काही करू शकत नाही. ड्रिल मशीन असेल तर भोक पाडल्यावर जॉब (ज्यात भोक पाडलं तो धातूचा तुकडा) न हलवता टॅप चकमध्ये (ड्रिल धरणाऱ्या जबड्यात) धरा आणि मशीन बंद ठेवून चक हाताने फिरवा. सुरुवात हमखास सरळ होते.

भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक मारायचा, म्हणजे कडा उतरती करायचा, कंटाळा करू नका. टॅप चटकन धरतो आणि वर बर (कडेला उठणारा धारदार कंगोरा) उठत नाही.

अॅडजस्टेबल पान्याने टॅप फिरवू नका. जोर एकाच बाजूने येतो आणि टॅप वाकतो. तसंच एम 4 ला हातभर लांब हँडल लावलं तर टॅप किती पिळला जातोय ते हाताला कळतच नाही.

फिरवायची पद्धत जुनीच: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे येताना बारीकशी 'कट' जाणवते, तो कीस तुटल्याचा इशारा. स्टेनलेसला मात्र घाबरत घाबरत टॅप मारू नका. धार कापण्याऐवजी घासत राहिली तर 304 (नेहमीच्या वापरातलं स्टेनलेस) कडक होत जातो. धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टॅप, भरपूर कटिंग ऑइल आणि थोडं मोठं भोक (एम 6 ला 5.1 किंवा 5.2) घ्या. माइल्ड स्टीललाही तेल हवंच, अॅल्युमिनियमला रॉकेल किंवा डिझेल चालतं. बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापा, तेल घातलं की त्याच्या भुकटीचा चिखल होतो.

आंधळं भोक, म्हणजे आरपार नसलेलं, निम्मे टॅप खातं. टेपर टॅपच्या टोकाकडचे आठ-दहा आटे निमुळते असतात. तो तळाला टेकला तरी वरचे आटे नीट कापलेले असतात, खालचे अर्धवट. इथे माणूस आणखी जोर लावतो आणि टॅप जातो. भोक आट्यांपेक्षा किमान चार-पाच पिच खोल पाडा. टॅपला टेपने खोलीची खूण करा. टेपर, मग सेकंड (कमी निमुळता), मग बॉटमिंग (तळापर्यंत कापणारा) हा क्रम मोडू नका आणि मध्येमध्ये टॅप पूर्ण काढून कीस बाहेर काढा. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर चष्मा घाला. तो कीस सरळ डोळ्याकडेच उडतो.

एवढं करूनही तुटलाच, तर साधं ड्रिल त्यात घालू नका. टॅप ड्रिलइतकाच कडक असतो. तुकडा वर डोकावत असेल तर प्लायरने किंवा टॅप एक्स्ट्रॅक्टरने हळूहळू मागेपुढे हलवून काढा. आत रुतला असेल आणि जॉब महाग असेल, तर स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्याकडे) द्या. तो टॅप जाळून काढतो आणि भोवतालचा धातू शाबूत राहतो. साधी पट्टी असेल तर शेजारी नवीन भोक पाडलेलं स्वस्त.