रेंज कमी असलेल्या जागी सिमवाला ट्रेल कॅमेरा घेताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्यामध्ये जेमतेम एक ओढा आहे. मुलुंडच्या या बाजूला राहणाऱ्यांना बिबट्या नवा नाही. २०१८च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या परिसरात ४७ बिबटे मोजले गेले होते, त्यामुळे ‘आहे का’ हा प्रश्नच नाही. आम्हाला हवी होती वेळ. भिंतीलगत काय जातं, कधी जातं, आणि त्यावरून मुलांना संध्याकाळी किती वाजता वर बोलवायचं. म्हणून सिम टाकलेला ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढून तो थेट फोनवर पाठवणारा.

त्यानंतर मी उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरला, ओळखीच्या एका काकांच्या वाडीत आणि आरेलगतच्या दोन सोसायट्यांमध्ये असे कॅमेरे लावायला मदत केली. जे कॅमेरे फसले, त्यांतले बहुतेक कॅमेऱ्यात दोष होता म्हणून फसले नाहीत. ते विकत घ्यायच्या आधीच फसले होते, कारण जागेची रेंज कोणी नीट मोजली नव्हती.

उभं राहून, छातीजवळ फोन धरून रेंज बघणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

येऊरच्या वाडीत मे महिन्यात गेलो होतो. ऐनाच्या एका झाडाजवळून वाट खाली ओढ्याकडे उतरते, तिथे कॅमेरा लावायचा होता. फोनवर दोन दांड्या होत्या, सगळे खूश. मी सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ उघडलं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तिथे सिग्नलचा खरा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. छातीच्या उंचीवर आकडा होता उणे १०१. बिबट्यासाठी कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, साधारण ४० सेंटिमीटरवर बांधतात, म्हणून मी खाली बसले आणि फोन बुंध्याला टेकवला. उणे १०९. मग बुंध्याच्या त्या बाजूला गेले, जिथून कॅमेऱ्याला वाट दिसणार होती पण टॉवर झाडाआड जाणार होता. उणे ११४. झाड तेच, चालायचं फक्त तीन पावलं, आणि फरक १३ डीबीचा. म्हणजे सिग्नल विसावा भाग उरला.

वाडीत कामाला येणारे पाड्यावरचे एक काका बघत उभे होते. म्हणाले, “ताई, इथं फोन लागतो तो उन्हाळ्यातच. पानं आली की लागत नाय.”

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. मे महिन्यात इथलं जंगल निम्मं उघडं असतं, साग आणि ऐन पान गाळून उभे असतात. जुलैत तीच जागा हिरव्या भिंतीसारखी होते, आणि ओलं पान सिग्नल चांगलाच शोषतं. जुलैत त्याच बुंध्याशी आकडा उणे १२१ होता आणि तीन दिवसांत एकही फोटो आला नव्हता. तेव्हा मोजणी उन्हाळ्यात करत असाल तर हातात किमान दहा डीबीची शिल्लक धरा, किंवा सरळ पावसाळ्यात मोजा.

माझा ठोकताळा असा: कॅमेऱ्याच्या उंचीवर उणे ९५ किंवा त्याहून बरं असेल तर निर्धास्त. उणे १०५ पर्यंत चालतं. उणे ११० च्या पलीकडे बाहेरची अँटेना लागते. उणे १२० ला सिमवाल्या कॅमेऱ्याचा नाद सोडावा. मोजताना फोन ‘फक्त ४जी’वर ठेवा, कारण असे कॅमेरे ४जीवरच चालतात आणि फोनने दाखवलेल्या ५जीचा त्यांना काही उपयोग नाही. आणि कॅमेऱ्यात जे सिम टाकणार त्याच कंपनीच्या सिमवर मोजा. शेजाऱ्याचा फोन लागतो यावरून काही ठरत नाही.

दांड्या भरलेल्या, तरी फोटो येत नाही

मुंबईचं हे खास दुखणं आहे. जंगलाच्या आत रेंज नसते ते समजतं. पण कड्यावर, माळावर, जिथून एका बाजूला मुलुंड आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याच्या इमारती दिसतात, तिथे रेंज भरपूर असून फोटो अडकतो. कारण चार-पाच टॉवर जवळपास सारख्याच जोराने ऐकू येतात. गर्दीच्या लोकलमध्ये चार जण एकाच वेळी तुमच्याशी बोलायला लागले तर आवाज मोठा असतो, पण शब्द एकाचाही लागत नाही, तसंच. यासाठी सिग्नलची ताकद नव्हे, स्वच्छता बघावी लागते. नेटवर्क तपासणारी मोफत ॲप्स ‘एसआयएनआर’ नावाचा आकडा दाखवतात. तो दहाच्या वर असेल तर उत्तम, शून्याच्या खाली गेला तर दांड्या कितीही असोत, काम कठीण. अशा वेळी कॅमेरा आणखी वर न्यायचा मोह टाळा. थोडं खाली, टेकडीच्या एका कुशीत आणा, म्हणजे टेकडीच बाकीचे टॉवर अडवते.

दुसरी गोष्ट, टॉवरकडून येणारा आवाज आणि कॅमेऱ्याकडून जाणारा आवाज सारखे नसतात. टॉवर दहा-वीस वॅटच्या पुढे बोलतो, कॅमेऱ्याच्या मोडेमची मर्यादा सुमारे ०.२ वॅट. म्हणून मोजणी करताना यूट्यूब चालतं का ते बघू नका, ते डाउनलोड झालं. कॅमेऱ्याला अपलोड करायचं आहे. फोन बुंध्याला टेकवून तीन-चार फोटो स्वतःलाच पाठवा आणि किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. वन विभागाच्या परवानगीने उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या बाजूला कुठे लावत असाल तर हे रविवारी दुपारीही करा. बोरिवलीच्या गेटमधून आत आलेल्या गर्दीचे फोन त्याच टॉवरवर असतात.

बँड न बघता परदेशी कॅमेरा मागवणं

आमच्या सोसायटीचा पहिला कॅमेरा असाच वाया गेला. एका विक्रेत्याने ‘४जी आहे, कुठलंही सिम चालेल’ असं सांगितलं. खोक्यातून निघाली अमेरिकेसाठीची आवृत्ती. ॲपने पत्त्यात अमेरिकेतला झिप कोड मागितला आणि आमचं सिम स्वीकारलंच नाही. पैसे परत मिळाले नाहीत. वर्गणीचे पैसे होते, त्यामुळे जास्त लागलं.

४जी हा एक शब्द असला तरी प्रत्येक देशात तो वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, चालतो. अमेरिकेच्या आवृत्तीत साधारणपणे २, ४, ५, १२, १३, ६६ हे बँड असतात. आपल्याकडे जिओ ३, ५ आणि ४० वर चालतं, एअरटेल १, ३, ८ आणि ४० वर, व्हीआय १, ३, ८ आणि ४१ वर. दोन्ही याद्यांत सामाईक उरतो तो फक्त ५. युरोपच्या आवृत्तीत बहुधा १, ३ आणि ८ असतात, ती आपल्याला बरीच जवळची.

कमी रेंजच्या जागेसाठी यातले दोनच आकडे लक्षात ठेवा: ५ आणि ८. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, बँड ८ म्हणजे ९००. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात, पानांतून आणि टेकडीच्या कडेवरून जास्त चांगल्या पोचतात. बँड ४० (२३०० मेगाहर्ट्झ) रस्त्यावर वेगवान, झाडीत लवकर दम तोडतो. जिओचं सिम वापरणार असाल तर कॅमेऱ्यात ५ हवाच, एअरटेल किंवा व्हीआय असेल तर ८ हवाच. विक्रेता बँडची यादी देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

२जी-३जीचे स्वस्त कॅमेरे अजून विकायला दिसतात. जिओवर २जी-३जी कधी नव्हतंच, आणि एअरटेलने ३जी बंद केलं आहे. घेऊ नका.

सिमच्या बारीकसारीक गोष्टी

सिम आधी फोनमध्ये घालून चालू करा, डेटा चालतोय ते बघा, सिमचा पिन लॉक काढा. मग कॅमेऱ्यात एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटाशी जोडणारं नाव, हाताने भरा: जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एमएमएसने फोटो पाठवणारे जुने मॉडेल टाळा. रिचार्ज कधी संपतो त्याची आठवण फोनमध्ये लावा, कारण त्या सिमवर येणारा सूचनेचा मेसेज कोणीच वाचत नसतं. ‘सगळी नेटवर्क पकडणारं सिम आतच बसवलेलं आहे’ असं लिहिलं असेल तर ते भारतात चालतं का, हे लेखी विचारा.

अँटेना: चुकीचं टोक, लांब वायर

उणे ११० च्या आसपास असाल तर अँटेनाने खरंच फरक पडतो, पण इथे दोन ठिकाणी पैसे वाया जातात.

पहिलं ठिकाण म्हणजे जोडणीचं टोक. मूळ अँटेना फिरवून काढा आणि आतल्या मध्यबिंदूकडे नीट बघा. सेल्युलर कॅमेऱ्यांवर बहुधा एसएमए जोडणी असते: कॅमेऱ्याच्या बाजूला बाहेरून आटे आणि मधोमध बारीक छिद्र, अँटेनाच्या बाजूला आतून आटे आणि मधोमध टाचणीएवढी पिन. वायफाय राउटरच्या अँटेना बहुधा आरपी-एसएमए असतात, त्यांत हे उलटं असतं. आटे व्यवस्थित बसतात, घट्ट होतं, पण मध्ये छिद्रासमोर छिद्र येतं आणि काहीच जोडलं जात नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्यायला जाल तर मूळ अँटेना बरोबर न्या आणि समोरासमोर धरून बघा.

दुसरं ठिकाण वायर. अँटेनाबरोबर येणारी काळी बारीक वायर, आरजी-१७४, ९०० मेगाहर्ट्झला दर मीटरमागे सुमारे एक डीबी खाते, त्याहून वरच्या बँडला आणखी जास्त. पाच मीटर वायर लावलीत तर दोन तृतीयांश सिग्नल वायरीतच गेला. कॅमेरा गुडघ्याशी आणि अँटेना तीन-चार मीटर वर, ही रचना उत्तम आहे, पण जाड, कमी गळतीची केबल घ्या आणि हवी तेवढीच घ्या. माकडं लोंबणारी वायर ओढतात, म्हणून ती बुंध्याला दर वीतभर अंतरावर बांधा.

बूस्टर मात्र लावू नका. परवानगीशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर बसवणं भारतात बेकायदा आहे आणि त्याने आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडतात. एकमेकांना रेडिओने फोटो देणारे अमेरिकन कॅमेरेही मोह घालतात: दहा कॅमेरे आत, एक रेंजमध्ये. कल्पना सुंदर आहे. पण ते ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर बोलतात, आणि हा पट्टा आपल्याकडे मोबाइलच्या ९०० बँडमध्ये घुसतो. विनापरवाना वापरासाठी आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या वरचा छोटा पट्टा आहे, तो वेगळा.

सेल लवकर संपतात, कारण रेंज

कॅमेऱ्याचे सेल दहा दिवसांत गेले की लोक कंपनीला दोष देतात. सिग्नल कमी असला की मोडेम पूर्ण जोर लावतो, फोटो तुटतो, तो पुन्हा पाठवतो, पुन्हा तुटतो. सेल त्यात जातात. म्हणून प्रत्येक फोटो लगेच पाठवायची सेटिंग बंद करा आणि दिवसातून एकदा, पहाटे पाच-सहाला, सगळे एकदम पाठवायला लावा. तेव्हा टॉवरवर गर्दीही कमी असते. लहान आकाराचे फोटो पाठवा, मोठे कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर राहतात. व्हिडिओ पाठवू नका.

रिचार्जचे निमेह (NiMH, निकेल-मेटल हायड्राइड) सेल १.२ व्होल्टचे असतात. आठ सेलचे १२ ऐवजी ९.६ व्होल्ट होतात आणि काही कॅमेरे तेवढ्यावर फोटो काढतात पण पाठवताना बंद पडतात. लक्षण ओळखीचं आहे: कार्डावर फोटो आहेत, फोनवर नाहीत. घ्यायच्या आधी निमेह चालतात का ते मॅन्युअलमध्ये बघा. सोलर पॅनेल झाडाखाली उपयोगाचं नाही, जुलैत तर नाहीच.

वाऱ्याने हलणारं गवत आणि कॅमेऱ्यासमोरून उगवणारा सूर्य रिकामे फोटो काढवतात, आणि ते पाठवण्यातही सेल जातात. समोरचं गवत कापा, तोंड उत्तरेकडे करा.

फोटो बंद झाले तर

कॅमेरा उचलून घरी आणायच्या आधी हे क्रमाने बघा. रिचार्ज आहे का. सेलचा व्होल्टेज किती. कॅमेऱ्याचा पडदा नेटवर्क दाखवतो का. दाखवत असेल तर एपीएन आणि कार्ड बघा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. दाखवत नसेल तर अँटेना हाताने घट्ट करा, मग तेच सिम फोनमध्ये घालून बुंध्याशी आकडा वाचा. पावसाळ्यात दार उघडलं की रबराच्या पट्टीवर मुंग्या किंवा मातीचा कण नाही ना ते बोटाने चाचपून मगच बंद करा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, केसाएवढी फटही पुरते.

आणि जागा कोणाची?

उद्यानाच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही. भिंतीच्या आत, आपल्या जागेत लावा. तिथेही, पाड्यावरच्या बायका ज्या वाटेने पाण्याला किंवा सरपणाला जातात त्या वाटेवर कॅमेरा वळवू नका. लावायच्या आधी पाड्यावर जाऊन सांगा, कुठे लावतोय ते दाखवा. त्यांचे फोटो न विचारता कोणाच्या तरी फोनवर जाणं, याला सुरक्षितता म्हणता येणार नाही. बिबट्याचे फोटो जागेच्या नावासकट ग्रुपवर टाकू नका. प्राणी अडकलेला किंवा जखमी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

ऐनाखालचा येऊरचा कॅमेरा आम्ही शेवटी बदलला. तिथे आता बिनसिमचा, साधा कार्डवाला आहे, निम्म्या किमतीचा. रेंज मिळणारच नव्हती, आणि वाडीच्या मालक काकांना रोजच्या रोज फोटो हवेही नव्हते. दर रविवारी सकाळी ते जुनं कार्ड काढतात, नवं घालतात आणि माझी वाट बघतात. सिमवाला तिथून काढून वाडीच्या फाटकाशी लावला, जिथे पावसातही उणे ९८ मिळतात. रात्री कोणी आलं तर ते कळायला हवं होतं ते तिथेच.