‘डेंजर’ की ‘डेंजरस’? इंग्रजी वाक्यात धोका कसा मांडावा

मराठी बोलताना ‘डेंजर’ हा शब्द आपण कोठेही बसवतो. गल्लीतले कुत्रे डेंजर, गणिताचा पेपर डेंजर, आणि कोणी सलग षटकार मारले तर तोही ‘डेंजर खेळतो’. बोलीत याला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र हीच सवय इंग्रजीत गेली की ‘धिस डॉग इज डेंजर’ असे चुकीचे वाक्य तयार होते. इंग्रजीत ‘डेंजर’ हे नाम आहे, म्हणजे आपला ‘धोका’. कुत्र्याचे, रस्त्याचे किंवा माणसाचे वर्णन करायचे असेल तर ‘डेंजरस’ हे विशेषण वापरावे लागते. विजेच्या डीपीवर कवटीच्या चित्रासोबत नुसते ‘डेंजर’ लिहिलेले असते, कारण तेथे कशाचेही वर्णन करायचे नसून ‘येथे धोका आहे’ एवढीच सूचना द्यायची असते.

कोणते रूप कोठे वापरावे, हे ठरवायला मराठीच उपयोगी पडते. उसना ‘डेंजर’ क्षणभर बाजूला ठेवून ते वाक्य आधी ‘धोका’ या शब्दाने तयार करावे. मराठीत ‘धोकादायक’ आले तर इंग्रजीत ‘डेंजरस’, ‘धोक्यात’ आले तर ‘इन डेंजर’ आणि ‘धोक्याबाहेर’ आले तर ‘आउट ऑफ डेंजर’ असे जवळजवळ प्रत्येक वेळी जुळते; डॉक्टरांच्या तोंडचे ‘द पेशंट इज आउट ऑफ डेंजर’ हे त्यातलेच. यांपैकी पहिल्या दोहोंची गल्लत सर्वांत महाग पडते. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याने ११२ क्रमांकावर फोन करून ‘आय अ‍ॅम डेंजरस’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की याच्यापासूनच इतरांना वाचवायला हवे. त्याने म्हणायला हवे ‘आय अ‍ॅम इन डेंजर’. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत राहणाऱ्या माणसासाठी वाघ डेंजरस असतो, आणि एक प्रजाती म्हणून तोच वाघ इन डेंजर असतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही. ही युक्ती फक्त एके ठिकाणी फसते. ‘मित्राने धोका दिला’ या वाक्यातला धोका म्हणजे दगा, आणि त्याचा ‘डेंजर’शी काहीही संबंध नाही, तेथे ‘माय फ्रेंड बिट्रेड मी’ असे म्हणावे.

एखादी कृती धोकादायक आहे असे सांगताना इंग्रजी वाक्य बहुधा ‘इट इज’ने सुरू होते: ‘इट इज डेंजरस टु क्रॉस द ट्रॅक्स’, म्हणजे रूळ ओलांडणे धोकादायक आहे. कोणासाठी धोकादायक, हे सांगायचे असल्यास ‘फॉर’ मध्ये येतो: ‘इट इज डेंजरस फॉर चिल्ड्रन टु स्विम हिअर’. ‘ही विहीर पोहायला धोकादायक आहे’ हे वाक्य मात्र चांगल्या चांगल्यांना चकवते. ‘पोहायला’ या रूपात ‘आत’ कोठेच नसल्यामुळे आपण ‘धिस वेल इज डेंजरस टु स्विम’ म्हणून मोकळे होतो, पण पोहायचे विहिरीत असल्याने इंग्रजीला शेवटचा ‘इन’ हवाच असतो: ‘धिस वेल इज डेंजरस टु स्विम इन’.

तुलनेत चूक होते ती ‘पेक्षा’मुळे. मराठीत ‘घाटापेक्षा हा रस्ता धोकादायक आहे’ एवढे पुरते. इंग्रजीत ‘मोअर डेंजरस दॅन’ असे म्हणावे लागते, नुसते ‘डेंजरस दॅन’ चालत नाही. फरक मोठा असेल तर ‘मच मोअर डेंजरस’ म्हणावे, ‘व्हेरी मोअर’ नव्हे.

‘रिस्की’ हा शब्द जवळचा असला तरी तो प्रामुख्याने कृतीला, निर्णयाला किंवा पैशाच्या व्यवहाराला लागतो. कुत्रा डेंजरस असतो, रिस्की नसतो. उलट सगळी बचत एकाच शेअरमध्ये घालणे हे रिस्की. म्हणूनच म्युच्युअल फंडांच्या योजनांसाठी सेबीने ठरवलेल्या मापकाचे नाव ‘रिस्कोमीटर’ आहे आणि त्याच्या ‘लो’ ते ‘व्हेरी हाय’ अशा ६ पायऱ्या आहेत: तेथे आपण नुकसानीची शक्यता जाणूनबुजून पत्करलेली असते. हळूहळू होणाऱ्या अपायासाठी ‘हार्मफुल’ बरा. सिगारेटच्या पाकिटावर वर्षानुवर्षे छापला गेलेला ‘इंज्युरिअस टु हेल्थ’ हा प्रयोगही त्याच अर्थाचा, फक्त सरकारी वळणाचा.

क्रियेचे वर्णन असेल तर ‘डेंजरसली’ म्हणावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८४ चे शीर्षकच ‘ड्रायव्हिंग डेंजरसली’ असे आहे, त्यामुळे ‘ही ड्राइव्ज डेंजर’ म्हणणाऱ्याने ते एकदा पाहावे. गणिताच्या पेपरला ‘डिफिकल्ट’ किंवा ‘टफ’ म्हणावे, कारण प्रश्नपत्रिका डेंजरस म्हटली तर इंग्रजी ऐकणारा गोंधळेल. षटकार मारणाऱ्या फलंदाजाला मात्र ‘अ डेंजरस बॅट्समन’ खुशाल म्हणावे; समालोचकही तसे म्हणतात, आणि येथे धोका असतो तो समोरच्या संघाला.