बाइकचा ॲल्युमिनियम रेडिएटर गळतोय: आधी जागा शोधा, मग वेल्डर

कूलंट सारखं कमी होतंय, पण पार्किंगमध्ये जमिनीवर थेंब नाही, अशी तक्रार बऱ्याचदा असते. गळती बारीक असेल तर सिस्टिम गरम होऊन दाब चढल्यावरच ती सुरू होते आणि बाहेर आलेलं कूलंट तापलेल्या इंजिनावर वाळून जातं. मागे राहतो तो पांढरट किंवा हिरवट थर. पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडून घरी आलात की गाडी थंड होऊ द्या आणि टॉर्च घेऊन हा थर शोधा.

रेडिएटर उतरवण्याआधी इतर संशयित बाद करा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब पडत असतील तर पंपाचं सील गेलंय. होजच्या टोकाशी ओल असेल तर क्लॅम्प बदला. कॅपचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट रिझर्व्ह टाकीतून बाहेर सांडतं. आणि ऑइल दुधाळ झालं असेल तर गाडी चालवूच नका, मामला हेड गॅस्केटचा (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा) किंवा पंपाच्या सीलचा आहे.

रेडिएटर उतरवल्यावर खरी तपासणी. गाडी गरम असताना कॅप उघडायची नाही, हे सांगायला नको. एका तोंडाला रबरी बूच आणि क्लॅम्प, दुसऱ्या तोंडाला होजच्या तुकड्यात बसवलेला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह. कॅप लावा, ओव्हरफ्लोची नळी बंद करा आणि रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवा. गेज असलेल्या पायपंपाने हळूहळू हवा भरा. कॅपवर १.१ लिहिलं असेल तर १.१ बारपर्यंत, म्हणजे साधारण १६ पीएसआय, त्यापुढे नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर बरा असलेला जोडही फुटतो. दहा मिनिटं थांबा. फिनमध्ये, म्हणजे ट्यूबमधल्या पातळ पत्र्यांच्या घड्यांत, अडकलेली हवाही बुडबुडे सोडते, म्हणून ब्रशने ती आधी झटकून काढा. एकाच जागेवरून सलग धार येत राहिली, तर ती गळती. पाणी पुसून तिथे मार्करने खूण करा.

आता दुरुस्ती, आणि ती जागेवर ठरते. बाजूच्या टाकीला, नळीच्या मुंडीला किंवा ब्रॅकेटच्या मुळाशी चीर असेल तर टिग, म्हणजे आपल्याकडचं आर्गन वेल्डिंग. भोसरीकडे पातळ ॲल्युमिनियम जोडणारे वेल्डर मिळतात, पण विचारून घ्या: एसी करंट, शुद्ध आर्गन, ४०४३ (सिलिकॉन मिसळलेलं ॲल्युमिनियम) ची १.६ मिमी फिलर रॉड, म्हणजे जोडात वितळवायची सळी. एसी लागतो कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइड दोन हजारांच्या वर. तो थर फोडल्याशिवाय जोड बसत नाही.

वेल्ड फसतं ते बहुधा अस्वच्छतेने. चिरेत मुरलेलं कूलंटमधलं ग्लायकॉल तापलं की वाफ होऊन वेल्डमध्ये छिद्रं पाडतं. आत गरम पाणी फिरवा, पूर्ण वाळवा, वेल्डची जागा ॲसिटोनने पुसा आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने घासा. ॲसिटोन उडून जाऊ द्या, कॅप आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवा. ब्रेक क्लीनर अजिबात नको: त्यात क्लोरीनचं द्रावक असेल तर वेल्डिंगच्या आर्कमध्ये विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. ब्रॅकेटजवळ चीर पडली असेल तर रबरी बुश कडक झालेत. ते नाना पेठेतून नवे आणा, नाहीतर तीच चीर परत पडते.

मधल्या चपट्या ट्यूबला भोक असेल तर वेल्डरला हात लावू देऊ नका. पत्रा इतका पातळ की शेजारची ट्यूबही जाते. आसपासच्या फिन १५ मिमी कापा, ट्यूब मधोमध तोडा, दोन्ही टोकं चपट्या पक्कडीने दोनदा दुमडा आणि वर इपॉक्सी. वीस ट्यूबपैकी एक गेली तर क्षमता ५ टक्क्यांच्या आसपास घटते, चालतं.

सुईच्या टोकाएवढं भोक इपॉक्सीनेही बुजतं, पण १२० अंश सोसणारी घ्या. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसा आणि लगेच लावा. बाकी सगळी तोंडं बंद करून घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने फिलर नेकमधून, म्हणजे कॅप बसते त्या तोंडातून, हलकं शोषलं की इपॉक्सी भोकात ओढली जाते. भोकाभोवती १० मिमी पसरवा, पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ, सहसा २४ तास, हलवू नका. गळती थांबवणारी पावडर मात्र टाळा. ती भोकाइतक्याच श्रद्धेने थर्मोस्टॅट आणि बारीक ट्यूबही बुजवते.

पुन्हा टबात तपासून मगच बसवा. तयार मिळणारं कूलंट तसंच भरा; कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नकोच, क्षार आत साचतात. २०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. कॅप उघडी ठेवून गाडी सुरू करा, होज दाबून हवा काढा, पातळी उतरली की भरा, मग कॅप लावून फॅन सुरू होईपर्यंत चालू ठेवा. कात्रजपर्यंत एक चक्कर मारून गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री चाटतात.