शिडावर नाव लिहिण्याआधी

माझ्या कार्डावर ‘कॉर्पोरेट कम्युनिकेशन आणि सस्टेनेबिलिटी’ असं लांबलचक लिहिलंय. आई मात्र शेजारी ‘ती कंपनीच्या बातम्या पेपरात देते’ एवढंच सांगते, आणि आईचं वर्णन जास्त खरं आहे. बीकॉम, मग मास कम्युनिकेशन, मग नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका कंपनीत नोकरी. स्पॉन्सरशिपचं काम शिकायचं कसं, असं नवी मुलं विचारतात. मी ते एका फसलेल्या प्रस्तावातून शिकले, म्हणून तोच सांगते.

झालं असं, की आमचे मोठे साहेब फ्रान्सला जाऊन आले ते शिडाच्या बोटींचं वेड घेऊनच. आपणही एखाद्या भारतीय दर्यावर्दीला महासागराच्या शर्यतीसाठी पैसा द्यायचा. शिडावर कंपनीचं नाव, वाऱ्यावर चालणारी बोट, पर्यावरणाचा संदेश आणि वर आपली मूल्यं! कॉलेजात दोन वर्षं नेव्हल एनसीसी केल्यामुळे खलाशांची बोलाइन गाठ मारता येणारी ऑफिसात मी एकटीच होते. फाइल माझ्याकडे आली.

पहिले पंधरा दिवस मी नुसती वाचत होते. साहेबांनी जी पाहिली ती शर्यत म्हणजे वाँदे ग्लोब. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी तिचं लगेच ‘वांदे ग्लोब’ केलं. 1989 पासूनची ही शर्यत आता दर चार वर्षांनी होते. एकटा माणूस, साठ फुटी बोट, कुठे थांबायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही, पृथ्वीला वळसा घालून फ्रान्सच्या त्याच बंदरात परत यायचं. 2024-25 ला शार्ली दालँनं हे 64 दिवस 19 तासांत केलं. तिथे बोटीला नावच प्रायोजकाचं असतं: बँक, विमा कंपनी, अगदी कोंबडीचं मांस विकणारी कंपनीसुद्धा. म्हणजे बातमीत बोट आली की कंपनी आलीच. जाहिरातीची वेगळी जागा विकत घ्यायला नको. या धंद्याचं गणित इथे सुरू होतं.

त्या कोंबडीवाल्यांच्या बोटीची गोष्ट मी प्रेझेंटेशनमध्ये घातली होती आणि आजही घालते. 2020 च्या शर्यतीत केव्हँ एस्कोफिए या नाविकाची बोट दक्षिण अटलांटिकमध्ये लाटेत अक्षरशः दुमडली आणि तो तराफ्यावर उतरला. त्याला शोधायला इतरांना आपली वाट सोडून वळावं लागलं. जाँ ल काम यानं त्याला उचललं. शोधात गेलेल्यांना नंतर वेळेची भरपाई मिळाली, आणि त्या सवा दहा तासांच्या भरपाईमुळे कोंबडीवाल्यांच्या बोटीवरचा यानिक बेस्ताव्हाँ जिंकला. शेवटची रेषा पहिल्यांदा ओलांडणारा दालँ दुसरा ठरला. प्रायोजकानं पैसा जिंकण्यासाठी दिलेला असतो आणि त्याची बोट भर शर्यतीत दुसऱ्या कंपनीच्या माणसाला शोधत असते! ‘आपली मूल्यं’ हा शब्द कंपनीच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो. तो समुद्रात कसा दिसतो, ते मला इथे कळलं.

भारतीय उदाहरणंही जमवली. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं सागर परिक्रमा, म्हणजे समुद्रातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये न थांबता फिरून आले. या दोन्ही मोहिमा नौदलाच्या. पण 2022 च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत टॉमी उतरले तेव्हा मागे उभी होती अबुधाबीची एक कंपनी, बायानात. 236 दिवसांनी ते दुसरे आले. गंमत बघा: ही कंपनी उपग्रहांच्या माहितीवर, नकाशांवर काम करणारी, आणि शर्यतीत जीपीएस वापरायला बंदी, सेक्स्टंट या जुन्या कोन मोजायच्या यंत्रानं सूर्य मोजत जायचं. हा विरोधाभास त्यांनी कसा वापरला असेल यावर मी दोन पानं लिहिली. साहेब खूश.

मग फाइल कंपनी सेक्रेटरींकडे गेली.

मी खर्चाच्या रकान्यात ‘सीएसआर’, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा निधी, असं लिहिलं होतं. कायद्यानं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचेच आहेत, मग त्यातून देऊ, इतकं साधं मला वाटलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि 2021 च्या दुरुस्तीचं पान समोर ठेवलं. आपल्या मालाला किंवा सेवेला जाहिरातीचा फायदा व्हावा म्हणून केलेली स्पॉन्सरशिप सीएसआर धरत नाहीत. भारताबाहेर केलेला खर्चही धरत नाहीत. अपवाद फक्त राष्ट्रीय पातळीवर राज्याचं किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. शिडावर नाव हवं तर पैसा मार्केटिंगमधून काढा, म्हणाले. मार्केटिंगवाल्यांनी आकडा ऐकून चहा मागवला आणि विषय बदलला. तर नव्या मुलांनो, कल्पना सुचली की आधी विचारा, पैसा कुठल्या खात्यातून येणार? हा प्रश्न कॉलेजात कुणी शिकवत नाही. आणि नाव लावायला जेवढा खर्च, जवळपास तेवढाच ते लोकांना दाखवायला लागतो, असा या लाइनीतला ठोकताळा आहे. तो रकाना तर मी केलाच नव्हता.

पण खरा दणका दुसरीकडून बसला. साहेबांनी तोपर्यंत प्रेसनोटचा मसुदाही करून ठेवायला सांगितला होता. मी लिहिलं: ‘फक्त वाऱ्याच्या बळावर, निसर्गाला शून्य हानी.’ प्लांटच्या माहितीसाठी तो बॉयलर हाउसच्या सुपरवायझर काकांकडे गेला. काका छत्तीस वर्षं त्या उष्म्यात उभे आहेत. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असतं तेव्हा आत किती, ते विचारू नका. त्यांनी कागद शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “म्याडम, बोट तर वाऱ्यावर चालून राहिली. आपला बॉयलर कायच्यावर चालून राहिला?”

खिडकीबाहेर कोळशाचा ट्रक रिकामा होत होता.

मी परत येऊन सगळं उलटं तपासलं. ‘शून्य हानी’ तर बोटीचीही नसते. या शर्यतींच्या बोटी कार्बन फायबरच्या. ते बनवायला भरपूर ऊर्जा लागते आणि मोडीत निघाल्यावर पुन्हा वापरात आणणं अवघड. इलेव्हन्थ अवर रेसिंग या टीमनं तर बोट बांधण्याचाच कार्बन हिशेब काढून जाहीर केला होता. त्याच टीमनं 2023 ला ओशन रेस ही टीमनं पृथ्वीला वळसा घालायची शर्यत जिंकली. जर्मन नाविक बोरिस हेरमान यांची टीम बोटीवर प्रयोगशाळा बसवून समुद्राच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, खारटपणा आणि तापमान मोजते. पण 2019 मध्ये याच टीमच्या जुन्या बोटीतून ग्रेटा थुनबर्ग प्लिमथहून न्यू यॉर्कला गेली, तेव्हा बोट परत आणायला माणसं विमानानं जाणार हे कळल्यावर टीका झालीच. शिवाय आपल्याकडे 2024 पासून जाहिरातींतल्या ‘पर्यावरणपूरक’ दाव्यांवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दाव्याला पुरावा लागतो. माझ्या वाक्याला पुरावा काय, तर माझं छान मराठी.

तेव्हापासून कुठलाही ‘हिरवा’ मजकूर लिहिण्याआधी मी प्लांटचं वीजबिल, कोळशाचा स्टॉक आणि पाण्याच्या मीटरचं रजिस्टर मागते. पहिल्यांदा मागितलं तेव्हा स्टोअरवाल्यांना वाटलं, मी ऑडिटला आलेय. ही सवय पुढे कामाला येते. शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना आता बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो भरायला मजकूर लिहिणाऱ्यापेक्षा मीटर वाचता येणारा माणूस लागतो. मुलाखतीत आम्ही हल्ली हेच बघतो. एका मुलीनं स्वतःच्या हॉस्टेलच्या पाण्याच्या टँकरचा महिन्याचा हिशेब आणला होता. तिला घेतलं.

बोटीची फाइल मात्र मी बंद केली नाही, बारीक केली. सीएसआरच्या यादीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, आणि शिडाची बोट हा ऑलिंपिक खेळ आहे. ‘नागपुरात समुद्र कुठाय?’ असं सीएसआर समितीत कुणीतरी विचारणारच होतं. मी म्हटलं, हैदराबादला तरी कुठाय? हुसेनसागरवर शिकतात मुलं. भोपाळच्या मोठ्या तलावावरही शिकतात. सुरुवात ऑप्टिमिस्ट नावाच्या बोटीवर होते: पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, एकच शीड, लांबी आपल्या दिवाणापेक्षा थोडीच जास्त. आमच्या परिसरातल्या शाळांतली आठ मुलं दोन उन्हाळे पाठवायची, असा नवा प्रस्ताव आहे. शिडावर नाव नाही. लाइफ जॅकेटवर छोटा लोगो घालू का, म्हणून मी विचारलं, तर सेक्रेटरींनी पुन्हा चष्मा कपाळावर सरकवला. लोगो काढला.

प्रस्ताव अजून समितीपुढे आहे. दरम्यान बॉयलर काकांनी चौकशी केली, “पोरं पोहता येणारी घेतली ना?” हा रकानाही राहिला होता. परवा वाढवला.