वादळाचा थर खडकात कसा ओळखायचा

वादळाने समुद्रतळावर अंथरलेल्या गाळाच्या थराला टेम्पेस्टाइट म्हणतात. तो शोधायला शेल (चिखल दडपून झालेला पापुद्र्यांचा खडक) आणि बारीक वालुकाश्म आलटून-पालटून दिसणारा कडा निवडा. हातोडा, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, टेप आणि कल मोजायचं क्लिनोमीटर तर हवंच, पण ब्रशही हवा. धुळीखाली पट्ट्या दिसतच नाहीत.

थर खालून वर वाचायचा. तळ धारदार हवा. वादळ चढत असताना चिखल खरवडला जातो, त्यात लांबट चर पडतात आणि पुढे वाळूने भरतात. वरची पाटी निसटलेली असेल तर हे भरलेले चर तिच्या खालच्या अंगाला कण्यासारखे उठून दिसतात. तळाशीच शिंपल्यांचे तुकडे, चिखलाचे गोळे साचतात. त्यावर आडव्या पट्ट्यांची वाळू, मग हमॉकी रचना, माथ्यावर लहान सममित तरंगचिन्हं आणि शेवटी चिखल. जीवांची बिळं माथ्याकडून खाली उतरतात, कारण प्राणी वादळ शमल्यावर परततात.

हमॉकी रचना म्हणजे पट्ट्यांचे पसरट उंचवटे आणि खळगे. दोन उंचवट्यांत साधारण 1 ते 5 मीटर अंतर, पट्ट्यांचा कल बहुधा 15 अंशांच्या आत. फसगत इथेच होते. उघडा भाग मीटरभरच असेल तर पट्ट्या सरळ आडव्या वाटतात. म्हणून एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन उभ्या बाजू तपासा. दोन्हींत सारखीच लाट दिसली तर हमॉकी. एका बाजूत पट्ट्या ठरावीक दिशेला झुकलेल्या दिसल्या तर ते वाहत्या प्रवाहाचं काम.

टर्बिडाइटलाही (पाण्याखालच्या उतारावरून घसरणाऱ्या गढूळ प्रवाहाने टाकलेल्या थरालाही) धारदार तळ असतो आणि त्याचेही कण वर बारीक होत जातात. निवाडा सहसा वरची तरंगचिन्हं करतात. लाटांची दोन्ही उतारांना सारखी असतात, टर्बिडाइटची एकीकडे कललेली. तरीही एकाच खुणेवर वादळाचा शिक्का मारू नका.

थर मोजून वादळं मोजता येत नाहीत. उथळ पाण्यात पुढचं वादळ आधीच्या थराचा माथा खाऊन टाकतं. मधला चिखल नाहीसा होतो आणि मीटरभर जाडीची एकच वाळू वाटते. आत शिंपल्यांच्या ओळी आहेत का ते बघा. खोल पाण्यात उलट. तिथले दोन-चार सेंटिमीटरचे थर बिळं करणारे जीव ढवळून पुसून टाकतात.

खोलीचा अंदाज मात्र बांधता येतो. खोल पाण्यात लाटेची लांबी (मीटर) = 1.56 × आवर्तकालाचा (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ, सेकंदांत) वर्ग, आणि लाटेची हालचाल साधारण निम्म्या लांबीइतक्या खोलीपर्यंतच पोचते. एरवीच्या शांत हवेतल्या 5 सेकंदांच्या लाटेला सुमारे 20 मीटर, 10 सेकंदांच्या वादळी लाटेला सुमारे 78. शेलमध्ये सुटे सुटे पडलेले वादळी थर या दोन मर्यादांच्या मधले समजा. पण 78 हा आकडा वरची मर्यादा आहे. तिथे लाट जेमतेम जाणवते. वाळू हलवायला तळाशी याहून बराच जोर लागतो.