जेवण जात नाही, मग प्रथिनं पोटात घालायची कशी?

टायफॉइडनंतर सासूबाईंचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. त्यात सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीपार. ताट पुढं केलं की म्हणायच्या, "अगं, बघूनच पोट भरलं." आम्ही मऊ भात आणि वरणाचं वरवरचं पाणी देत राहिलो आणि तिथंच चुकलो. डाळ तळाशी बसते आणि प्रथिनं त्या डाळीत असतात. साबुदाण्याच्या खिरीतही दूध वगळलं तर प्रथिनं जवळजवळ नाहीतच.

म्हणून आधी हिशेब करा. निरोगी माणसाला रोज दर किलो वजनामागं सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या बाईला चाळीसेक ग्रॅम. आजारातून उठलेल्या वयस्कर माणसाला थोडी जास्तच. एका अंड्यात 6 ग्रॅम, 200 मिली दुधात 6, मूठभर शेंगदाण्यात 7, 50 ग्रॅम पनीरमध्ये 9.

मग ताट बाजूला ठेवा आणि वाटी घ्या. दर दोन-अडीच तासांनी एक छोटी वाटी. भूक असते ती पहिल्या चार घासांना, तेव्हा ते घास अंड्याचे, घट्ट डाळीचे, पनीरचे असू द्या. भाकरी-भात मागून. जेवायच्या तोंडावर ग्लासभर सरबत नको. ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त खाऊ घाला, दुपारी कुणालाच घास उतरत नाही.

आपली शेंगा चटणी इथं फार कामाला येते. तिखट कमी घालून, तेल सुटेपर्यंत कुटून घ्या आणि दोन चमचे घट्ट दह्यात कालवा. आजारी तोंडालाही चव येते. दात नसतील तर अख्खे दाणे मात्र देऊ नका, ठसका लागतो.

सासूबाईंना खरा आधार झाला तो हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, माडग्याचा. हुलगे खमंग भाजून दळून आणा. दोन मोठे चमचे पीठ गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कपभर उकळत्या पाण्यात ते ओता, गूळ, चिमूटभर सुंठ, मीठ घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत शिजवा. खाली उतरवून कोमट झालं की अर्धा कप दूध घाला. गरम गुळात दूध फाटतं, घाई नको. दोन चमचे दूध पावडरही यात सहज मुरते. त्या हे घोट घोट पीत, चावायचे कष्ट नाहीत.

किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. उतरतच राहिलं किंवा घास गिळताना अडकू लागला, तर घरच्या उपायांवर थांबू नका, लगेच दाखवा.